क्रीम बेस क्यू. एस.

चिडूनच लिहायला बसलेय, हे आधीच सांगते. एखाद्या क्रीममध्ये काय काय घातलंय, एवढं विचारलं तर उत्तरादाखल त्याच क्रीमची नवी कोरी ट्यूब कुरिअरने घरी येते, असा माझा अनुभव आहे.

पापण्यांची सालपटं निघणं आणि मानेवर लाल चट्टे उठणं हे माझं बरेच महिने चाललं होतं. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी पॅच टेस्ट करायला लावली. अ‍ॅलर्जी करू शकणारी द्रव्यं चौकोनाचौकोनात भरलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, अठ्ठेचाळीस तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी परत बघतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, म्हणून ती थंडीतच करून घ्या; उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात. माझ्या पाठीवर ‘फ्रेग्रन्स मिक्स’चा चौकोन लालभडक निघाला. म्हणजे सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी. मॅडमनी या मिश्रणातल्या आठ द्रव्यांचा कागद दिला: जिरॅनिऑल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, सिनॅमल, सिनॅमिल अल्कोहोल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, अमाइल सिनॅमल आणि ओकमॉस. म्हणाल्या, "लेबल वाचायची सवय लावून घ्या. लावलेलं राहतं ते क्रीम आधी बघा, धुऊन जातं ते नंतर."

लेबल वाचणं वाटतं तितकं अवघड नाही. आपल्याकडे २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे कसेही. ही एक टक्क्याची रेघ लेबलवर कोणी आखून देत नाही, पण ती शोधायची एक युक्ती आहे. फिनॉक्सीइथॅनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह बऱ्याच क्रीममध्ये असतं आणि ते एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. त्याच्या मागे जे जे छापलंय ते सगळं चिमूटभर, असं समजायचं. पुढच्या बाजूला कोरफडीचं हिरवंगार पान आणि मागे कोरफडीचा अर्क फिनॉक्सीइथॅनॉलच्याही मागे, असे नमुने दुकानात उभ्या उभ्या सापडतात. दीडशेचं आणि नऊशेचं अशी दोन क्रीम मी शेजारी ठेवून पाहिली, तर पहिली चार नावं तीच: पाणी, ग्लिसरीन, सेटिअरिल अल्कोहोल, लिक्विड पॅराफिन. (या अल्कोहोलला घाबरू नका. ते मेणासारखं घट्ट असतं, स्पिरिटसारखं त्वचा कोरडी करत नाही.) फरक होता तो शेपटाकडच्या दोन-तीन नावांत आणि बाटलीच्या काचेत.

एवढं जमल्यावर मी घरातलं एकेक काढून वाचायला लागले. बरंचसं लगेच निकालात निघालं. अडलं ते एकाच ट्यूबपाशी.

हे आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं आयुर्वेदिक क्रीम. सासूबाईंचा त्यावर इतका विश्वास की पायाच्या भेगांपासून नातवाच्या गालापर्यंत तेच. कंपनीचं नाव घेत नाही. आयुर्वेदिक परवान्यावर निघालेलं असल्यामुळे त्याच्या पाठीवर उतरत्या क्रमाची यादी नसते, औषधासारखी मात्रा असते. शब्दशः असं: प्रत्येक १० ग्रॅममध्ये हरिद्रा १०० मिग्रॅ, रक्तचंदन ५० मिग्रॅ, कुमारी १५० मिग्रॅ, आणि शेवटी ‘क्रीम बेस क्यू. एस.’ क्यू. एस. म्हणजे पुरेसं, लागेल तेवढं. आता बेरीज करा. तिन्ही वनस्पती मिळून झाल्या तीनशे मिलिग्रॅम. दहा ग्रॅममधले उरलेले नऊ हजार सातशे मिलिग्रॅम, म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव भाग, हे ‘लागेल तेवढं’! मेण, तेल, प्रिझर्व्हेटिव्ह आणि झाकण उघडल्याबरोबर येणारा तो गुलाबाचा घमघमाट, सगळं त्या दोन अक्षरांत.

नवरा म्हणाला, "सोडून दे की ते क्रीम." सोडलंच होतं. पण त्याच कंपनीचा साबण, त्यांचंच केसांचं तेल, त्यांचंच उटणं घरात. सगळ्यांत तोच वास. नेमकं काय टाळायचंय ते कळल्याशिवाय मी काय काय फेकून देणार होते? आणि खरं सांगायचं तर एव्हाना मला ईर्ष्या चढली होती.

प्रत्येक पाकिटावर तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापावा लागतो, तो शोधला. फोन लागला की आधी गाणं, मग मराठीसाठी कुठलंसं बटण, आणि ते दाबलं की हिंदीत बोलणारी मुलगी. "मॅम, बॅच नंबर बताइए." हा बॅच नंबर ट्यूबच्या शेवटी, जिथे ती चपटी दाबून बंद केलेली असते तिथे शाईशिवाय नुसता उमटवलेला. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तरच त्याची सावली पडते आणि अक्षरं दिसतात. वापरून वापरून ट्यूब खालून गुंडाळली असेल तर संपलंच. (फोन करायच्या आधी तो वाचून कागदावर लिहून ठेवा. नाहीतर टॉर्च एका हातात, ट्यूब दुसऱ्या हातात, आणि फोन कुठे धरणार?)

मी विचारलं, यात सुगंधासाठी काय वापरता? तिने ते ‘क्रीम लावून पुरळ आलं’ अशी तक्रार म्हणून नोंदवलं. ईमेल आला: आमची सर्व उत्पादनं शंभर टक्के नैसर्गिक आहेत, कोणताही दुष्परिणाम नाही. मी उलट लिहिलं की नैसर्गिक म्हणूनच तर विचारतेय. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉलच असतं, तुळशीतही ते सापडतं, गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल असतं, दालचिनीत सिनॅमल. माझ्या कागदावरची निम्मी नावं मसाल्याच्या डब्यातून आणि देवघरातून आलेली आहेत. त्वचेला बागेतलं आणि कारखान्यातलं वेगळं कळत नाही.

यावर आली ती कुरिअरवाली ट्यूब. सोबत चिठ्ठी, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. सासूबाई खूश.

पुन्हा फोन. आता मुलगी वेगळी आणि गोष्ट पहिल्यापासून. मग कोणी वरिष्ठ गृहस्थ लाइनवर आले. फॉर्म्युला गोपनीय आहे, म्हणाले. मी म्हटलं, "मला तुमची पाककृती नको आहे हो. माझ्याकडे आठ नावं आहेत, एकेक वाचते, तुम्ही फक्त आहे किंवा नाही म्हणा." ते म्हणाले, तशी माहिती देण्याची पद्धत नाही. मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे तक्रार रीतसर नोंदली गेली, कंपनीकडे गेलीही. कंपनीने उत्तर दिलं: ग्राहकाला उत्पादन बदलून दिलेलं आहे. तक्रार बंद! त्या दिवशी मी जेवताना कोणाशी बोलले नाही.

सुटका झाली ती भलतीकडून. माझी आतेबहीण जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिच्याशी गप्पा मारताना मी हे रडगाणं गायले, तर म्हणाली, "अगं ताई, हे क्रीम इथे इंडियन शॉपमध्ये मिळतं. आईसाठी मीच घेते." आणि दुसऱ्या दिवशी तिने मागच्या बाजूचा फोटो पाठवला. तीच ट्यूब, तेच फूल. पण मागच्या छपाईवर आयात करणाऱ्याचा पत्ता असलेला एक पांढरा स्टिकर, आणि त्यावर बारीक अक्षरांत पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण यादी. आमच्या ‘क्यू. एस.’ची सगळी वरात तिथे उभी होती: पाणी, पॅराफिन, मेण, प्रिझर्व्हेटिव्ह, आणि शेवटी परफ्यूम, लिनलूल, जिरॅनिऑल, युजेनॉल, बेन्झिल बेन्झोएट. माझ्या कागदावरची दोन नावं, सरळ छापलेली. जी गोष्ट मला सांगायला गोपनीय होती, ती श्टुटगार्टच्या दुकानात तांदळाच्या पोत्याशेजारी फळीवर उघडी मांडलेली होती.

युरोपियन युनियनचा नियमच तसा आहे. ठरावीक सुगंधी द्रव्यं, लावून ठेवायच्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याच्या वर असली, तर त्यांची नावं वेगवेगळी छापावीच लागतात. आधी अशी २६ द्रव्यं होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती यादी ऐंशीच्या वर गेली. आपल्याकडे ‘परफ्यूम’ एवढा एक शब्द टाकला की भागतं. तेव्हा घरचं कोणी तिकडे असेल तर आधी त्यांना कामाला लावा, कस्टमर केअर नंतर.

तरी मॅडम म्हणाल्या, निर्यातीचा माल आणि इथला माल सारखाच असेल असं धरून चालू नका. त्यांनीच मग दवाखान्याच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र लिहिलं, पॅच टेस्टचा निकाल आणि तो फोटो जोडला, आणि विचारलं की भारतातल्या मालात हाच सुगंध आहे का, हो की नाही. उत्तर सरळ आलं: हो, सुगंध तोच. साबणात आणि उटण्यातही तोच. मला आनंद झाला आणि रागही आला. रुग्णाने विचारलं तर बदली ट्यूब, आणि डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर! पण तुमच्यावर ही वेळ आली तर पहिलं पत्रच डॉक्टरांकडून जाऊ द्या, आणि ‘काय काय आहे’ असं मोघम न विचारता ‘अमुक आहे का’ असंच विचारा.

आता आठवेल तसं. खोकं फेकू नका, पुष्कळदा यादी फक्त खोक्यावर असते. फेकायच्या आधी फोटो काढा. साठ मिलिलिटरहून लहान बाटली किंवा तीस ग्रॅमहून लहान ट्यूब असेल तर घटक छापायची सक्तीच नाही, त्यामुळे ‘आधी छोटी घेऊन बघू’ हा आपला शहाणपणा इथे उलटतो. ‘अनसेंटेड’ म्हणजे सुगंध नाही असं नव्हे. मूळ वास दाबायला त्यातही सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ‘फ्रेग्रन्स फ्री’ बघायचं, आणि तरीही यादी वाचायची. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हच्या नावाने सगळे बोटं मोडतात, पण अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (म्हणजे काही लागून त्वचेला होणाऱ्या त्रासाच्या) डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ साली त्यांना अ‍ॅलर्जी न करणारा घटक म्हणून मुद्दाम निवडलं होतं. त्याऐवजी मिथिलआयसोथायाझोलिनोन हे दुसऱ्या एका प्रिझर्व्हेटिव्हचं लांबलचक नाव यादीत शोधा, आणि दिसलं तर टाळा. युरोपात ते लावून ठेवायच्या क्रीममध्ये घालायला २०१७ पासून बंदी आहे.

नवीन क्रीम आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत रोज दोनदा, निदान आठवडाभर लावून बघायचं आणि मगच चेहऱ्याला, असं मॅडमनी बजावलंय. साबण किंवा शाम्पू मात्र तसा लावून ठेवायचा नाही, त्याने कोणाचीही कातडी लाल होईल.

आणि आपण सोडून भागत नाही. नवऱ्याचं आफ्टरशेव्ह, मुलीचं केसांचं तेल उशीच्या अभ्र्यावरून पापणीपर्यंत पोहोचतं. अभ्रे वेगळे केले, आफ्टरशेव्ह बंद झालं. सासूबाईंनी क्रीम सोडलेलं नाही, कुरिअरने आलेली ट्यूब त्याच वापरतात, पण टॉवेल आता स्वतंत्र आहे. राहता राहिला कपड्यांचा साबण आणि वर घालायचं ते वासाचं निळं पाणी. आमच्याकडच्या बाटलीवर घटकांची यादी औषधालाही नाही. तक्रारीचा नंबर आहे. बॅच नंबर लिहून ठेवलाय.