पोटावरची लाट

परवा दुपारी जेवण झाल्यावर सवयीने पोटावर आडवा झालो आणि बरगड्यांनी जोरदार हरकत घेतली. वामकुक्षी डाव्या कुशीवर करावी हे शास्त्र मला मान्य आहे, पाळता मात्र कधी आलं नाही. मी जन्माचा पालथा. वाचतो पोटावर, फोनवर बोलतो पोटावर, गंभीर विचार करायचा असेल तर हनुवटी उशीत रुतवूनच करतो. त्या बरगड्यांना एवढं काय झालं हे आठवायला क्षणभर लागला. सुट्टीत समुद्रावर जाऊन सर्फिंग केलं होतं. आता ‘केलं’ म्हणावं का, यावर घरात मतभेद आहेत.

हट्ट भाचीचा होता. मला वाटलं, बोर्ड मिळेल, पाण्यात जायचं, बुडायचं, परत यायचं. पण सर्फिंगची सुरुवात पाण्यात होत नाही, वाळूत होते. नवशिक्याला आठ-नऊ फुटी मोठा बोर्ड देतात, वरून मऊ फोमचा. मोठा बोर्ड जास्त तरंगतो, कमी डगमगतो आणि डोक्यात बसला तर कमी लागतो. हा तिसरा मुद्दा कुणी मोठ्याने बोलत नाही. मग कुठला पाय पुढे ठेवायचा ते ठरवायचं. त्याची पद्धत अशी की शिकवणारा मुलगा गप्पा मारता मारता मागून बेसावध ढकलतो. सावरायला जो पाय पुढे पडेल तो पुढचा. माझा उजवा पडला. उजवा पुढे ठेवणाऱ्याला सर्फिंगवाले ‘गूफी’ म्हणतात. उरलेल्या सुट्टीत भाचीने मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही.

मग कवायत. वाळूवरच्या बोर्डवर पालथं पडायचं, वल्हवल्यासारखे हात मारायचे, तळवे छातीपाशी टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर. मध्ये गुडघे टेकायचे नाहीत. नजर पायांकडे न्यायची नाही, समोर ठेवायची. पाण्याने आत ओढायला सुरुवात केली तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर जात त्या ओढीतून बाहेर पडायचं. आणि बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतो. हे शेवटचं सांगताना तो पोरगा एकदम वडीलधारा झाला, आणि मीही एकदम शहाण्या मुलासारखं ऐकलं. बाकी वेळ आम्ही एका रांगेत वाळूवर पालथे पडून उठत होतो आणि येणारेजाणारे थांबून बघत होते.

पाण्यात कमरेइतकं उभं राहून लाटेची वाट बघताना मात्र मजा वाटायला लागली. किनाऱ्यावरून वाटतं, पाणीच चालून येतंय. खोल समुद्रात तसं नसतं. तिथलं पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. कुठेतरी हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लाटा दिवसच्या दिवस चालत राहतात. वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ साली अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग पार अलास्कापर्यंत काढला होता. किनारा जवळ आला की तळ वर येतो, लाटेची चाल मंदावते, पाठ उंचावते, आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास उरली की ती कोसळते. नवशिक्यांच्या वाट्याला येतो तो या कोसळण्यानंतरचा पांढरा फेस. म्हणजे एवढ्या लांबून आलेली पाहुणी दारात कोलमडते आणि तिचा शेवटचा टप्पा आपण पोटाखाली घेतो.

आणि ती आली. मागून बोर्ड उचलला गेला, कानाशी खळखळाट, आणि मी सुटलो. नाकापासून वीतभर खाली पाणी धावत होतं. किनाऱ्यावरून ‘उठा! उठा!’ ऐकू येत होतं, पण मला उठायचंच नव्हतं.

कारण हे मी आधी अनुभवलं होतं. लहानपणी मैदानातल्या झोपाळ्याच्या फळीवर मी कधी धड बसत नसे. फळीवर पोट टेकायचं, हात सोडायचे, पायांनी एक रेटा द्यायचा. खालची जमीन धावायला लागायची. मुंग्यांची रांग, बाटलीचं टोपण, कुणाचं तरी तुटलेलं बटण, सगळं येई, जाई, परत येई. खूप उंच झोके घेणारी मुलं वर आभाळ बघत असतील. मला ते बटण पुरे होतं. शर्टाच्या पोटावर फळीचा मळकट पट्टा उमटायचा, त्यावरून घरी बोलणी बसायची. एक बाई रोज सांगत, ‘अरे, नीट बस, पडशील.’ पालथा पडलेला माणूस आणखी कुठे पडणार, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

पोटावरून लाट घेण्याला कमी समजायचं कारण नाही. हवाई बेटांवर त्यासाठी वेगळी आखूड फळी असे, पायपो नावाची. आगाथा ख्रिस्ती १९२२ साली नवऱ्याबरोबर जगभर फिरायला निघाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत तिने हलक्या लाकडी फळीवर आडवं पडूनच लाटा घेतल्या. रहस्यकथांच्या बाई पाण्यात नाक खुपसून वाळूत घुसत होत्या, ही कल्पना मला फार धीर देते. पुढे होनोलुलूला त्या उभं राहायलाही शिकल्या. प्रवाळांनी पाय कापले, रेशमी पोहण्याचा पोशाख फाटला, तरी हटल्या नाहीत. मला अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन जास्त जवळचा. १८६६ साली हवाईत त्याने प्रयत्न केला. फळी दिमाखात किनाऱ्याला लागली, स्वार मात्र त्याच वेळी तळाला लागला. तेव्हा पायाला बांधायचा दोरही नव्हता. तो १९७० च्या दशकातला. त्याआधी बोर्ड सुटला की पोहत त्याच्यामागे जायचं.

उभं राहणाऱ्यांबद्दल आदर आहेच. हवाईच्या ड्यूक कहानामोकूने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि सर्फिंगही ऑलिंपिकमध्ये यावं असा ध्यास घेतला. १९६८ साली तो गेला. सर्फिंग आलं ते टोकियोत, २०२१ साली. इतकी वर्षं वाट बघण्याची ताकद लाटांची वाट बघणाऱ्यांकडेच असावी, कारण या खेळात बराचसा वेळ वल्हवण्यात आणि बसून राहण्यात जातो, उभं राहणं काही सेकंदांचं. हा हिशोब मी भाचीला मांडून दाखवला. ती म्हणाली, ‘मामा, तू फक्त कारणं शोधतोस.’

ती उभी राहिली होती. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, चेहऱ्यावर असा काही अविश्वास की मी ओरडायचं विसरलो. तो चेहरा मी तिच्या बालपणापासून पाहिला नव्हता. हल्ली ती फार मोजून हसते. तेव्हा मात्र पाण्यात पडेपर्यंत, आणि पडल्यावरही, हसत होती.

आता पुन्हा जायचं चाललंय. या वेळी मी उभं राहिलंच पाहिजे, अशी तिची अट आहे. मी हो म्हटलंय. म्हणायला काय जातं.