अॅम्बिव्हलन्ट म्हणजे दोटाना

आज दिवसभर बंगाली मंडळींना एकच इंग्रजी शब्द शिकवला: अॅम्बिव्हलन्ट. अर्थ सांगताना 'द्विधा' आधी तोंडात येतं आणि तिथेच घोळ होतो. बंगालीत द्विधा म्हणजे संकोच, त्यात पाऊल अडखळतं. इथे दोन उलट भावना एकाच वेळी तितक्याच खऱ्या असतात. त्यापेक्षा बंगालीतला 'दोटाना' चपखल. टान म्हणजे ओढ. मन दोन्हीकडून ताणलेलं. लॅटिन मुळातही 'अॅम्बि' म्हणजे दोन्ही, पुढचा भाग बळाचा.

उदाहरण घरचं द्यावं. नोकरीसाठी कोलकाता सोडायचंय: "जेते इच्छेओ कोरछे, आबार कोरछेओ ना." जावंसंही वाटतंय, नकोसंही. एवढ्या एका वाक्यात शब्द उतरतो, व्याख्येची गरजच उरत नाही. दुर्गाविसर्जनाचं उदाहरण मात्र इथे नको. तिथे गोडवा आणि हुरहुर एकमेकांत विरघळतात. ते 'बिटरस्वीट', बंगालीत 'अम्लमधुर'.

नेहमीची चूक म्हणजे 'मला काही फरक पडत नाही' या अर्थाने वापरणं. ती उदासीनता, इथे तर फरक दुप्पट पडतो!

उच्चारात जोर 'बि'वर. बंगालीत 'व्ह'च्या जागी 'भ' येतो, म्हणून वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवून हवा सोडायला सांगावं.