माणशी एक डॉलर

विमानाचा क्रू माझ्या हॉटेलच्या बसमध्ये चढला की पहिल्या अर्ध्या मिनिटात मला कळतं, आज खिशात काही पडणार की नाही. अमेरिकन कंपनीचा क्रू म्हणजे चार-पाच माणसं. बॅग माझ्या हातात देतात, बसतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. उतरताना प्रत्येकाकडे एक डॉलरची घडी घातलेली नोट तयार असते, नाहीतर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, सगळ्यांचे गोळा करून एकदम देतो. तो माझ्या तोंडाकडे बघतही नाही, पण देतो. माल वाहणाऱ्या विमानांचे पायलट हात जरा सैल सोडतात. युरोपातले कधी देतात, कधी नाही. आपले भारतीय देत नाहीत.

हे मी रागानं लिहीत नाही. मी स्वतः भारतात असताना कुठल्या ड्रायव्हरला कधी वरचे पैसे दिले होते? उलट मीच ड्रायव्हर होतो. एसटीत, सांगली विभागात. अमेरिकेतल्या बहिणीनं आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज भरला, नंबर लागायला बारा वर्षांहून जास्त गेली. तोवर पोरं कॉलेजात पोचली होती आणि माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. आता न्यूअर्क विमानतळाला लागून असलेल्या एलिझाबेथ गावात एका हॉटेलची बस चालवतो.

शटल, म्हणजे हॉटेल ते विमानतळ फेऱ्या मारणारी गाडी, म्हटलं की लोकांना व्हॅन आठवते. त्याचं कारण सांगतो. चालकासकट सोळा किंवा जास्त माणसांची गाडी असली की अमेरिकेत सीडीएल लागतं, म्हणजे व्यावसायिक लायसन्स, आणि त्यावर प्रवासी वाहतुकीचा वेगळा शेरा. म्हणून बरीच हॉटेलं चालकासकट पंधरा सीटची व्हॅन घेतात. साध्या लायसन्सवाला माणूस चालतो आणि स्वस्तात मिळतो. पण मुंबईहून सोळा तास उडून येणाऱ्या मोठ्या विमानाचा क्रू त्यात मावत नाही. चार पायलट, बारा-तेरा केबिन क्रू, प्रत्येकाच्या दोन बॅगा. त्यासाठी आमच्याकडे चोवीस सीटची बस आहे, मागं सामानाची खोली असलेली. ती चालवायला सीडीएल हवं आणि ते माझ्याकडे आहे. त्या परीक्षेत गाडीभोवती फिरून एकेका भागाला हात लावून नाव घ्यायचं आणि तो कसा तपासायचा ते मोठ्यानं सांगायचं असतं. इंग्रजी माझं यथातथाच. पण स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे ब्रेकचा ढिलेपणा जुळवणारा भाग, कुठे असतो हे मला एसटीच्या वर्कशॉपनं शिकवलंय. परीक्षक बाई दोनदा हसली आणि पास केलं.

बॅगा भरणं हे त्याहून अवघड काम आहे, आणि त्याची किंमत कुणाला नसते. जड सुटकेसा खाली, चाकं आतल्या बाजूला, हँडल सगळ्यांची बाहेर, म्हणजे उतरवताना ओढाताण होत नाही. पायलटांच्या बॅगा शेवटी भरायच्या, कारण तेच आधी उतरून चालू लागतात. दार लावण्याआधी मोठ्यानं मोजायच्या. एक बॅग राहिली तर हॉटेल मला बोलणार, विमान कंपनी हॉटेलला बोलणार, आणि त्या बॅगेत नेमका कुणाचा तरी पासपोर्ट असणार. येताना बॅगा हलक्या असतात. जाताना त्यात जर्सी गार्डन्स मॉल भरलेला असतो. न्यू जर्सीत कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर नाही, हे प्रत्येक क्रूला पाठ असतं. चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, बूट. चौतीस बॅगा चढवल्या की कंबर त्याची पावती देते.

आता मुद्द्याचं. माझ्या छातीवर आडनावाची पट्टी आहे. सुरुवातीला एका मुंबईच्या क्रूमधल्या मुलीनं ती वाचली आणि म्हणाली, “अय्या, तुम्ही मराठी?” झालं. तेव्हापासून मी काका. कॅप्टन पंजाबी असो की तमिळ, तोही ‘काका’च म्हणतो. काका, मॉलला सोडता का? काका, भारतीय जेवण कुठे मिळेल? ओक ट्री रोड, म्हणजे भारतीय दुकानांचा रस्ता, आमच्या शटलच्या हद्दीत नाही, तर सुट्टीच्या दिवशी मी माझ्या गाडीतून चौघींना इझलिनला नेऊन आणलंय. त्यांनी मला डोसा खाऊ घातला, घरचं विचारलं, धाकटीच्या लग्नाचं विचारलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? या देशात माझ्या धाकटीच्या लग्नाची चौकशी करणारं दुसरं आहे कोण?

पण काकांना टिप कशी द्यायची? नातं लागलं की पैसे देणं अपमान वाटतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. पूर्वी, म्हणजे मी नुसता ड्रायव्हर होतो तेव्हा, याच कंपनीच्या क्रूतले एखाद-दोन जण लाजत दोन डॉलर तरी ठेवायचे. काका झालो आणि तेही बंद झाले.

कुणी म्हणेल, पगार मिळतो ना? मिळतो. इथे हॉटेलातल्या वेटरचं गणित वेगळं असतं. २०२५ साली न्यू जर्सीत किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं रोख ५.६२ दिले तरी चालायचं, बाकीचं टिपेतून भरून यायला हवं; नाही आलं तर मालकानं भरायचं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यात तर तो रोख आकडा १९९१ पासून २.१३ डॉलरवर अडकलाय. मी त्यात मोडत नाही. मला पूर्ण दर मिळतो, किमान वेतनाच्या नाकावर माशी बसेल एवढा वर. पण नोकरीला घेताना मॅनेजरनं आकडा सांगितला आणि पुढे म्हणाला, “प्लस टिप्स.” म्हणजे त्यानं क्रूचा खिसा माझ्या पगारात आधीच धरला होता, क्रूला न विचारता. एसटीत असं नव्हतं. तिथं हायवेच्या हॉटेलात चालक-वाहकाचं जेवण फुकट असायचं, आणि गाडी त्याच हॉटेलला का थांबते हे मागच्या सीटवरच्या म्हातारीलाही कळायचं. तो व्यवहार उघडा होता. त्याचा भार शेवटी प्रवाशाच्या मिसळीवरच पडायचा, ते सोडा.

आता एका रात्रीबद्दल.

दुपारपासून बर्फ होता. बर्फ असला किंवा बॅगा फार असल्या की मॅनेजर बसवर मदतीला दुसरा माणूस देतो, म्हणून माझ्याबरोबर कोलंबियाचा एक सहकारी होता. हा माणूस एरवी भारतीय क्रूची फेरी आली की शिफ्ट बदलून घ्यायचा. “तुझे लोक, तू ने,” असं तोंडावर म्हणायचा. संध्याकाळच्या विमानासाठी क्रूला आम्ही दुपारीच टर्मिनल बी ला सोडलं. रूट १ अँड ९ वर मीठ टाकलेलं, तरी गाडी मागून हलकेच घसरत होती. सतरा माणसं, चौतीस बॅगा, वर मॉलच्या पिशव्या.

मध्यरात्रीच्या सुमारास फ्रंट डेस्कवरून फोन आला: विमान रद्द, क्रूला परत आणा. विमानावरचा बर्फ काढून घ्यायच्या रांगेत ते तासन् तास आत बसून राहिले आणि क्रूची ड्यूटीची वेळ संपली. वेळ संपली की नियमाप्रमाणे उडता येत नाही. बरोबरच आहे, एसटीत डबल ड्यूटी करून स्टिअरिंगवर डोळे मिटणारे मी पाहिलेत.

टर्मिनलबाहेर एरवी दोन मिनिटं गाडी रेंगाळली तर विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीचा पोलीस काचेवर टकटक करतो. त्या रात्री तोही गाडीत बसून होता. क्रू दाराच्या आत थांबला, पातळ कोट, थकलेले चेहरे. आम्ही दोघं फावड्यानं वाट करत बॅगा आणत होतो. बॅगेच्या चाकात चिखल-बर्फ अडकतो, तो तसाच आत गेला तर वितळून खालच्या बॅगेत मुरतो. म्हणून मी प्रत्येक चाक फडक्यानं पुसतो. कोलंबियन त्याला वेडेपणा म्हणतो, पण त्या रात्री त्यानंही पुसली. वर चढवायला तो आणि आत लावायला मी.

बस निघाली तेव्हा मागं कुजबुज सुरू झाली. नाशिकची एक नवी मुलगी, पहिल्यांदाच अमेरिकेला आलेली, म्हणाली, “आपण सगळ्यांनी एकेक डॉलर काढूया का? किती केलंय त्यांनी.” कॅप्टन म्हणाले, “कंपनी हॉटेलला पैसे देते, हॉटेल यांना पगार देतं. आपण मध्ये कशाला?” त्यात चूक काही नाही. भारतात बसून केलेला हिशेब म्हणून अगदी चोख आहे. दुसरी एक म्हणाली, भत्ता आता कार्डावर येतो, सुट्टे आहेतच कुणाकडे? हेही खरं, पूर्वी पाकिटातून रोख मिळायचा म्हणे. आणि मग केबिन क्रूच्या प्रमुख बाई, ज्यांना मी मनापासून मानतो, म्हणाल्या, “अगं, काकांना काय टिप देतेस? वाईट वाटेल त्यांना.”

मी वायपरकडे बघत होतो. बोललो नाही. बोलणार तरी काय?

हॉटेलच्या दारात सगळं पुन्हा उतरवलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. कोल्हापूरच्या मुलीनं पर्समधून भडंगाचं पाकीट काढून दिलं. मागच्या खेपेला मी सहज म्हणालो होतो की इथे जयसिंगपूरचं भडंग मिळत नाही, ते तिच्या लक्षात राहिलं होतं. बर्फात, रात्री दोनला, ते पाकीट हातात घेताना माझा घसा भरून आला. आणि त्याच वेळी मला दिसलं की कोलंबियन बाजूला उभा आहे, हातमोजा काढून. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. तो कुणाचा काका नव्हता.

माझं मी सोडलं असतं. त्याचं कसं सोडणार? अर्ध्या बॅगा त्यानं उचलल्या होत्या. क्रू लिफ्टमध्ये गेल्यावर मी आत जाऊन आलो, माझ्या पाकिटातून वीसची नोट काढली आणि त्याला दिली. म्हटलं, क्रूनं दिले, माझे मी घेतले. त्यानं नोट बघितली, खिशात घातली, काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रेकरूममध्ये त्यानं मला कॉफी आणून दिली आणि म्हणाला, “क्रूची टिप एक-एक डॉलरच्या नोटांत येते, चुरगळलेली. तुझी नोट कोरी होती. एटीएमची.” मी हसलो. वीस मात्र त्यानं परत केले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. मी भारतीयांची अब्रू वाचवायला गेलो आणि त्यात पकडला गेलो, असं त्याचं मत. असेलही.

पुढे २०२५ च्या जुलैमध्ये इथे नवा कायदा झाला: वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिपेची कमाई फेडरल प्राप्तिकराच्या हिशेबातून वगळायची. आमच्या ब्रेकरूममध्ये दोन दिवस तोच विषय. कोलंबियन म्हणाला, “आधी मिळू तर दे.” आणि माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तीच नाशिकची मुलगी दुसऱ्या क्रूबरोबर आली. आता जरा सरावलेली. बॅगा उतरल्यावर मागं थांबली आणि म्हणाली, “काका, स्पष्ट विचारू का? राग मानू नका. इथे नक्की किती द्यायचे असतात?” इतकं सरळ मला आजवर आपल्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “माणशी एक डॉलर. बॅगा फार असतील तर दोन. सगळ्यांचे एकानं गोळा करायचे, म्हणजे कुणाला लाजायला नको.” आणि पुढे तोंडून निघून गेलं, “मला नको. त्याला द्या.” कोलंबियन तेव्हा मागचं दार लावत होता.

का म्हणालो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बायको म्हणते, तुम्ही लाजलात, आणि लाजेनं घरभाडं भरता येत नाही. ती इझलिनच्या किराणा दुकानात उभी राहून काम करते, तिला हे म्हणायचा अधिकार आहे. मला वाटतं, पैसे घेतले असते तर पुढच्या खेपेला तिनं लग्नाची चौकशी केली नसती. किंवा केलीही असती. मी उगाच ठरवून टाकलं.

मुलगी पोरींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिते म्हणाली, आणि लिहिलंही असणार. कारण त्यानंतर मुंबईचा क्रू यायचा तो एक-एक डॉलरच्या नोटांची गड्डी घेऊनच. उतरताना कुणीतरी एक पुढे व्हायचं, कोलंबियनच्या हातात द्यायचं, “थँक यू, सर,” म्हणायचं. कॅप्टन मान फिरवून उभे राहायचे, पण आडवे यायचे नाहीत. मला नमस्कार मिळायचा, कधी चकली, कधी मेतकूट. दोघं बसवर असलो की तो निम्मे माझ्यापुढे धरायचा; कधी मी घ्यायचो, कधी नाही.

गेल्या महिन्यात त्यानं सीडीएलची परीक्षा दिली. स्लॅक अ‍ॅडजस्टर मीच त्याला शिकवला. पास झाल्या झाल्या त्यानं मॅनेजरकडे अर्ज केला की भारतीय क्रूच्या फेऱ्या मला द्या, आणि मॅनेजरनं दिल्या. माझ्याकडे आता पहाटे चारची व्हॅन आहे. चौघे अमेरिकन, आठ बॅगा, चार डॉलर, आणि छातीवरची पट्टी कुणी वाचत नाही.