सुकती धरून केळशीपर्यंत

पौष शुद्ध सप्तमी

किनाऱ्याने चालायचं असेल तर तारखेआधी तिथी बघावी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. सप्तमीला सव्वापाच, म्हणजे साडेअकराच्या सुमाराला सुकती, पूर्ण ओहोटी. उजाडता उजाडता आंजर्ल्याच्या पुळणीवर उतरलो तेव्हा पाणी नुकतंच मागे सरायला लागलं होतं. ओली वाळू घट्ट होती, पाय रुतत नव्हते.

पहिला अर्धा तास सँडरलिंग या छोट्या किनारपक्ष्यांनीच खाल्ला. लाट परतली की तिच्या मागे धावायचं, चोची भराभर खुपसायच्या आणि पुढची लाट आली की पाय भिजायच्या आत पळ काढायचा. बाकीच्या तुतवारांना असतं ते मागचं बोट यांना नसतं. ओल्या वाळूतला ठसा मुद्दाम वाकून पाहिला: तीन रेघा पुढे, मागे काही नाही. चिखल्या हेही किनाऱ्यावरचेच पक्षी, पण त्यांची तऱ्हा वेगळी. चार पावलं धावायचं, थबकायचं, मान वाकडी करून बघायचं. एकाने वाळूतून लांबलचक किडा ओढून काढला. तो तुटू नये म्हणून ताण कमीजास्त करत होता, चक्क.

पाडल्याच्या पुढे खडक लागले. तिथे कालवं काढायला बायका बसल्या होत्या. एकीने विचारलं, "भाऊ, नळीतनं काय बघताय?" दुर्बीण तिच्या हातात दिली. खडकावरच्या काळ्या बगळ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "हा तर रोजचाच की!" आणि पुन्हा कोयती हाणायला लागली.

दुपारची खरी रडकथा अशी की चालायला उत्तम वेळ ती पक्षी बघायला वाईट. सुकतीला पक्षी लांबवर पांगतात, उन्हात सगळे ठिपके हलतात. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर; उधाणासारखं पाणी लांबवर मागे हटत नाही, त्यामुळे उटंबरचा डोंगर खालून खडकांवरून ओलांडायचा नाद सोडला आणि आड्याहून मुकाट्याने घाटरस्ता धरला. डांबर पायांना झोंबलं, पण वरून समुद्रगरुड दिसला. पांढरं पोट, पाचरीसारखी शेपटी, पंख वर उचललेले. मागे कावळे लागलेले. इतका मोठा पक्षी, पण कावळ्यांना त्याचं काही नाही.

केळशीला पोचलो तोवर पाणी चढायला लागलं होतं, आणि दिवसभर जे विखुरलं होतं ते सगळं खाडीच्या मुखाशी गोळा होत होतं. कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी, चिखल्या, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण करतात. आत्ता डोकी पांढरी, कानामागे फक्त एक काळा डाग, आणि भांडण मात्र एका बांगड्याच्या डोक्यावरून. मागे वाळूची ती प्रसिद्ध टेकडी. तिच्या थरांत अभ्यासकांनी जुन्या त्सुनामीच्या खुणा शोधल्या आहेत. पण आज तिच्याकडे पाठच होती.

थव्यातल्या एका चिखल्याची चोच जास्तच जाड वाटली. मित्राचं म्हणणं मोठा वाळू चिखल्या, माझं म्हणणं छोटाच, फक्त पिसं फुगवून बसलेला. फोटो धूसर आलाय. परतीच्या एसटीत यावर दापोलीपर्यंत वाद झाला. बटर खाऊनही मिटला नाही.