रेटणे आणि थोपवणे

बेळगावात माझे बालपण तालमीच्या तांबड्या मातीत गेले, त्यामुळे अमेरिकन फुटबॉल पाहताना माझी नजर चेंडूपेक्षा आघाडीच्या पाच धिप्पाड गड्यांवर अधिक खिळते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल अशी ही फळी असते; चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून द्यायची असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या छातीखाली शिरून त्याला पुढे रेटावे लागते, आणि क्वार्टरबॅकला फेकीसाठी अवधी द्यायचा असेल तर कंबर खाली ठेवून, पाय एकमेकांत अडकू न देता मागे सरकत अंगावर येणाऱ्याला थोपवावे लागते.

खरी कसोटी चेंडू हलण्यापूर्वीच लागते. जमिनीवर टेकवलेल्या हातावर भार पडून बोटांची पेरे पांढरी झाली, की समोरचा चाणाक्ष गडी धाव ओळखतो. बोटे हलकी टेकली असतील तर फेक. आमचे वस्ताद खानापूरकडील जत्रांच्या कुस्त्यांत जोडीदाराची टाच कधी उचलली जाते हे पाहायला सांगत, ते मला येथे हटकून आठवते.

म्हणून दोन्ही डावांसाठी पवित्रा एकच ठेवण्याचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. धावेचा आभास करून फेक करायची असेल, तेव्हा या गड्यांना आवेशाने पुढे झेपावे लागते. परंतु एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या नियमानुसार चेंडू फेकला जाईपर्यंत त्यांना आरंभरेषेपलीकडे 1 यार्डापेक्षा अधिक जाता येत नाही, आणि तेवढ्याच जागेत त्यांना आपला आवेश आवरावा लागतो.