तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी पिल्लं सोडतात, मग चिंता कसली?

भारतातून पाहुणे आले की त्यांना इसाक्वाची सॅमन हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं तयार करून नदीत सोडणारं केंद्र, दाखवायला न्यायचं, हे आम्हा सिएटलकडच्या मराठी घरांत ठरूनच गेलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढ्यातून भलेथोरले चिनूक जातीचे सॅमन उसळ्या मारत वर येतात, पाहुणे खूश होतात आणि मग कुणीतरी विचारतंच, "इथे लाखांनी पिल्लं सोडतात ना? मग सॅमन धोक्यात आहे म्हणून एवढी ओरड कशाला?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते.

पिल्लं तयार करणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. ती मोठी होऊन परतल्यावर नदीतल्या मूळ माशांच्या वंशात घुसणार नाहीत, हे बघणं अवघड.

हॅचरीत मादीची गाभोळी काढून तिच्यात नराचा पांढरा चीक मिसळतात आणि अंडी वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये ठेवतात. नदीत बहुतेक पिल्लं मरतात, इथे बहुतेक जगतात. मेख इथेच आहे. सिमेंटच्या हौदाकाठी उभं राहा. तुमची सावली पडली की पिल्लं झुंडीने वर येतात, कारण त्यांच्या लेखी सावली म्हणजे खाऊ टाकणारा माणूस. नदीत सावली म्हणजे बगळा. तिथे वर येणारा संपतो आणि ओंडक्याखाली दडणारा वाचतो.

स्टीलहेडचं तर आणखी कठीण. हा खरं तर रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन येणारा. पॅसिफिक सॅमन एकदा अंडी घालून मरतो, स्टीलहेड पुन्हा समुद्र गाठू शकतो. नदीतलं त्याचं पिल्लू समुद्राकडे निघायला बहुधा दोनेक वर्षं घेतं, हॅचरीत चारून-चारून ते वर्षभरात तयार करतात. म्हणजे जो हावरा, जो झटपट वाढतो, त्याचीच निवड होते. ऑरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. हॅचरीत काढलेल्या दर पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. आणि हेच मासे पुढे नदीतल्या माशांशी जोड्या जमवतात.

म्हणून ओळख ठेवावी लागते. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो, अ‍ॅडिपोज फिन. हॅचरीच्या बहुतेक बोटाएवढ्या पिल्लांचा तो छाटतात. हे काम आता ट्रेलरमधली यंत्रंही करतात. काही पिल्लांच्या नाकाडात मिलिमीटरभर तारेचा सांकेतिक तुकडाही टोचतात. पुढे गळाला लागलेल्या माशाचा हा पर शाबूत निघाला, तर बऱ्याच नद्यांत त्याला सोडून द्यावं लागतं. शिवाय अंडी घालण्याच्या जागी हॅचरीचे मासे किती टक्के आहेत याचा हिशेब ठेवायचा आणि जास्त झाले तर बांधापाशी अडवून बाजूला काढायचे. माझ्या मते हॅचरीचं प्रगतिपुस्तक हे आहे. किती लाख पिल्लं सोडली हा आकडा माहितीफलकावर शोभतो, बस्स.

"मग बंदच करा की!" असंही लगेच कुणीतरी म्हणतं. इतकं सरळ नाही ते. कोलंबिया नदीवर ग्रँड कूलीसारखी धरणं बांधली, माशांना वर जायला वाटच ठेवली नाही आणि भरपाई म्हणून हॅचऱ्या दिल्या. इथल्या आदिवासी जमातींनी १८५०च्या दशकातल्या करारांत जमिनी दिल्या, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने पकडण्याजोग्या माशांत त्यांचा निम्मा वाटा मान्य केला. मासाच नसेल तर तो हक्क काय कामाचा? आयडाहोच्या रेडफिश लेकमध्ये १९९२ साली एकच सॉकाय जातीचा सॅमन परतला होता. लोकांनी त्याचं नाव 'लोनसम लॅरी' ठेवलं. ती जात आज आहे ती बंदिस्त पैदाशीमुळेच.

आपल्याकडेही हा घोळ झालाय. लोणावळ्याला टाटांच्या हॅचरीत १९७०च्या दशकापासून निळ्या परांच्या महसीरची पैदास झाली. हेतू चांगलाच होता. पण हा मासा कावेरीत सोडला गेला, तिथे फोफावला आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागे रेटला गेला, असं अभ्यासक सांगतात. २०१८ साली कुबडवाल्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

तेव्हा नदीगणिक निर्णय वेगळा. मोंटानाने १९७४पासून, जिथे ट्राउट स्वतः टिकून आहे अशा नद्यांत हॅचरीचा ट्राउट सोडणं थांबवलं. वॉशिंग्टनच्या स्कॅजिट नदीत २०१४च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर हॅचरीचे स्टीलहेड बारा वर्षं सोडायचे नाहीत असं ठरलं. गळ टाकणारे पुष्कळ जण चिडले, साहजिकच होतं.

वॉशिंग्टनमधल्याच एल्वा नदीची गोष्ट मी पाहुण्यांना आवर्जून सांगते. तिथली दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. तिथे हॅचरी आहे आणि तिच्यावरून भांडणंही झाली. पण उन्हाळ्यात नदीत शिरणारे स्टीलहेड कुणी सोडले नव्हते, तरी ते परत आले. धरणामागे जवळजवळ शंभर वर्षं अडकून पडलेल्या रेनबो ट्राउटमध्ये समुद्राकडे जाण्याचा वारसा टिकून होता. वाट मोकळी झाली आणि त्यांच्यातलेच काही निघाले.