मधली पिन

माझ्या ड्रोनवरचा पहिला व्हिडिओ ट्रान्समीटर एकदाही हवेत न जाता, मुलुंडच्या आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरच निकामी झाला. धूर आला नाही की ठिणगी उडाली नाही. डोळ्यांवरच्या गॉगल्समध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचे, या ट्रान्समीटरने पाठवलेले चित्र दिसत होते, जरा खरखरीत. गॉगल्स तसेच ठेवून मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, तर तिथे चित्राऐवजी नुसत्या मुंग्या. परत टेबलाशी आलो तरी मुंग्याच, आणि ट्रान्समीटरला बोट लावले तर चटका बसला.

अँटेना तर बसवलेली होती. अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालू केला तर बाहेर न पडू शकलेली शक्ती आतल्या अँप्लिफायरवरच उलटते, एवढे मला ठाऊक होते, त्यामुळे ती मी सर्वांत आधी पिळून घट्ट केली होती. शेवटी भाच्याने ती सोडवून उजेडात धरली आणि विचारले, "मामा, दोन्हीकडे भोकच आहे. मग टेकतंय काय?" खरोखरच काही टेकत नव्हते. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जोडण्यांचे आटे एकसारखे असतात, फरक असतो तो फक्त मधल्या पिनेचा. आणि एका जातीची अँटेना दुसऱ्या जातीच्या ट्रान्समीटरवर छान घट्ट बसते, पण मध्ये धातूला धातू लागतच नाही. ग्रँट रोडजवळच्या ज्या दुकानातून ती घेतली, तिथल्या गृहस्थांनी "साहेब, आटे एकच आहेत, बसेल" असे सांगितले होते. बसली, यात वाद नाही.

दुसरा ट्रान्समीटर आणला तेव्हा अँटेनाच्या जोडीबाबत मी अधिक चौकस झालो होतो. या अँटेना लहरींना गोल फिरवत सोडतात, काही उजवीकडे आणि काही डावीकडे. ड्रोनवर आणि गॉगल्सवर एकाच दिशेच्या लावल्या नाहीत तर पल्ला कमालीचा घटतो. फिरवण्याचा फायदा असा, की भिंतीवर आपटून परतलेल्या लहरीची दिशा उलटते आणि गॉगल्सवरची अँटेना ती बरीचशी नाकारते. चारी बाजूंनी इमारती असलेल्या आमच्यासारख्या घरात ही सोय किती मोलाची आहे, ते खिडकीशी उभे राहिल्यावर कळते.

माझी यंत्रणा अ‍ॅनालॉग आहे, कारण डिजिटल गॉगल्सच्या किमतीत माझा सगळा ड्रोन होतो. शिवाय अ‍ॅनालॉगचे चित्र ड्रोन दूर जाताना हळूहळू बिघडत जाते, त्यामुळे परत फिरायला वेळ मिळतो. कॅमेऱ्यातून निघालेली पिवळी वायर फ्लाइट कंट्रोलरवर, म्हणजे ड्रोनचे उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डावर, जाते, तिथे चित्रावर बॅटरीचे व्होल्ट आणि उड्डाणाचा वेळ यांची अक्षरे उमटतात, आणि मग तेच चित्र ट्रान्समीटरकडे रवाना होते. दूरदर्शनच्या काळापासून आपल्याला 'पाल' या व्हिडिओ पद्धतीची सवय असली, तरी मी कॅमेरा एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीवर ठेवला, कारण त्यात सेकंदाला २५ ऐवजी ३० चित्रे मिळतात. फ्लाइट कंट्रोलरवरही तीच निवड करावी लागते, नाही तर अक्षरे गायब होतात.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते आडव्या रेघांनी. मोटारी बंद असताना चित्र स्वच्छ, आणि थ्रॉटल, म्हणजे मोटारींचा वेग, वाढवला की पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकू लागत. (ही सगळी तपासणी ड्रोनचे पंखे काढून ठेवूनच करावी, हे वेगळे सांगायला नको.) मी आधी कॅमेऱ्यालाच दोष दिला. मग बॅटरीच्या दोन पॅडांवर १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा, विजेचे चढउतार गिळणारा कपॅसिटर सोल्डर केला. त्याने रेघा बारीक झाल्या, गेल्या मात्र नाहीत. दोष निघाला काळ्या वायरमध्ये. कॅमेऱ्याचे ग्राउंड, म्हणजे वीज परत नेणाऱ्या काळ्या वायरची जोडणी, मी सोयीसाठी, म्हणजे खरे तर आळसाने, मोटारींना वीज पुरवणाऱ्या बोर्डावरून घेतले होते. त्या वाटेने मोटारींचा भरमसाट प्रवाह परततो आणि तिथले व्होल्टेज किंचित वरखाली होत राहते. मुळात व्हिडिओचा अख्खा सिग्नलच जेमतेम १ व्होल्टचा, त्यामुळे तेवढी किंचित हालचालही चित्रात रेघ होऊन दिसते. काळी वायर तिथून काढून पिवळीच्या शेजारच्या ग्राउंड पॅडवर लावली, दोघींना एकमेकींभोवती पीळ दिला, आणि रेघा गेल्या.

चॅनल निवडतानाही मुंबई आडवी येते. रेसबँड या चॅनलांच्या संचातले आठ चॅनल ५६५८ मेगाहर्ट्झपासून ३७-३७च्या अंतराने ५९१७पर्यंत जातात. पण आपल्याकडे विनापरवाना वापरायला मोकळा असलेला पट्टा ५८७५ला संपतो, म्हणून शेवटचे दोन मी हिशेबातच धरत नाही. मधल्या चॅनलांवर शेजाऱ्यांचे वायफाय राउटर बोलत असतात. घरात मी २५ मिलिवॉटच्या वर जात नाही आणि ट्रान्समीटरसमोर टेबलफॅन लावून ठेवतो, कारण उडताना मिळणारा वारा टेबलावर मिळत नाही. शक्ती वाढवण्याचा मोहही फार फळत नाही: चौपट मिलिवॉट केले तर पल्ला जेमतेम दुप्पट होतो.

फोकस खिडकीत उभे राहून केला. भिंगाभोवतीची कडी अर्धा आटा सैल केली, समोरच्या इमारतीच्या टाकीवरची रंगवलेली अक्षरे गॉगल्समध्ये धरली, आणि ती कापल्यासारखी कडक दिसेपर्यंत भिंग दोन बोटांनी केसभर इकडे-तिकडे फिरवले. मग कडी आवळली, तर भिंग पुन्हा हलले. तिसऱ्या खेपेला जमले.

उडवणे मात्र मुंबईत नाहीच. विमानतळाभोवतीचे प्रतिबंधित क्षेत्र आणि पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश पाहता तो विचारच सोडलेला बरा. बॅटरीसह माझा ड्रोन साधारण ६५० ग्रॅमचा, म्हणजे ड्रोन नियम, २०२१ नुसार मायक्रो गटातला. हौसेसाठी उडवायला त्याला पायलटचा परवाना लागत नाही, नोंदणी मात्र लागते. ती झाल्यावर आणि उड्डाणबंदीचा नकाशा तपासून आम्ही मुरबाडकडच्या एका नातेवाइकांच्या शेतावर गेलो. गॉगल्स लावल्यावर आजूबाजूचे काही दिसत नसल्याने भाचा शेजारी उभा राहून आकाशावर नजर ठेवत होता. कॅमेरा २० अंश वर कलवलेला होता, कारण पुढे जाताना ड्रोन नाक खाली घालतो आणि सरळ बसवलेल्या कॅमेऱ्याला मग नुसती जमीन दिसते. चौथ्या मिनिटाला भाचा म्हणाला, "मामा, बांधापलीकडे बगळे उठलेत, खाली घे." उतरवल्यावर पाहिले, तर मागच्या पंख्याने अँटेनाच्या टोकाची टोपी घासून पांढरी केली होती. आता ती अँटेना झिप-टायने आणखी मागे, तिरकी बांधली आहे.